तात्या विंचूचा वारसाहक्क

सिनेमावर लिहायचा तुम्हाला अधिकार काय, असं कुणी विचारण्याआधीच सांगून टाकतो, काही नाही. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत क्लार्क आहे. पण माझ्या नोकरीतली बरीच वर्षं मयत खातेदारांच्या टेबलावर गेली आहेत. ज्याचं खातं होतं तो गेला, आता पैसे कुणाला द्यायचे, हा गुंता मी रोज चहाच्या आधी एक आणि चहानंतर तीन या हिशेबाने सोडवतो. आणि माझं नम्र मत असं, की ‘झपाटलेला २’ हा सिनेमा नीट कळायला या टेबलावर निदान सहा महिने काढलेले असावेत.

पहिला ‘झपाटलेला’ १९९३ चा. त्याची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगायची गरज नाही, तरी रीतसर नोंद म्हणून सांगतो. तात्या विंचू नावाचा गुंड मंत्र शिकतो, पोलिसांची गोळी लागल्यावर मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला नेमका आपल्या लक्ष्याच्या घरी येतो. मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटाची. तिथल्या बाहुल्याचं नाव चकी. महेश कोठारे यांनी ती कल्पना उचलली, पण उचलून आणल्यावर तिची व्यवस्थित मुंज लावली. खलनायकाचं नाव काय, तर तात्या! आता मला सांगा, तात्या नावाच्या माणसाला आपण घाबरू कसे? आपण त्याला आधी पाट देऊ, मग चहा घेणार का विचारू. दिलीप प्रभावळकरांचा तात्या आणि रामदास पाध्यांचा बाहुला यांनी मिळून भीती आणि हसू यांचं असं काही मिश्रण करून ठेवलं, की तेरा वर्षांचा मी पनवेलच्या टॉकीजमध्ये हसत होतो आणि घरी आल्यावर मोरीत एकटा जायला तयार नव्हतो.

या गोष्टीत एक कलम आहे. बाहुल्यातून बाहेर पडायचं तर तात्याला दुसरं शरीर हवं. आणि ते कुणाचंही चालत नाही. ज्याला त्याने आपलं गुपित प्रथम सांगितलं, त्याचंच लागतं. तो माणूस म्हणजे लक्ष्या.

आता दुसरा भाग. ७ जून २०१३ ला आला, थ्री-डीमध्ये. मध्ये वीस वर्षं गेली होती, आणि त्या वीस वर्षांत लक्ष्मीकांत बेर्डे गेले होते, १६ डिसेंबर २००४ ला, अवघ्या पन्नासाव्या वर्षी. म्हणून पडद्यावरचा लक्ष्याही नाही. तात्या पुन्हा जिवंत होतो, लक्ष्याचा पत्ता काढतो, तर लक्ष्या मयत. मग? मग त्याचा मुलगा.

इथे मी खुर्चीत ताठ बसलो. हे तर माझं टेबल!

आपल्याकडे जुन्या हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य होतं. केवळ त्या आधारावर मुलाच्या मागे लागायची सोय २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकली. आता बापाने जी मालमत्ता मागे ठेवली असेल, तेवढ्यापुरतंच काय ते. मुलाच्या स्वतःच्या खिशाला हात लावायचा नाही, मग शरीराला तर दूरच. पण त्या दुरुस्तीत एक मेख आहे. कायदा बदलण्यापूर्वीच्या कर्जांना ती लागू नाही, आणि तात्याचं येणं १९९३ चं! म्हणजे एखाद्या हुशार वकिलाने तात्याची केस घेतली असती तर ती अगदीच लंगडी नव्हती. फक्त वीस वर्षांत एकदाही कर्जाची लेखी कबुली नाही, म्हणजे येणं मुदतबाह्य. हे सगळं मी मध्यंतरात बायकोला समजावून सांगितलं. तिने पॉपकॉर्न माझ्या हातात दिला.

लोकांचं मत काय पडलं, हे मला फार लौकर कळलं. तेव्हा माझी शाखा मशीद बंदरला होती. पनवेल हे लोकलचं पहिलं स्टेशन, त्यामुळे बसायला जागा मिळते. आणि बसलेल्या माणसाला मतं असतात. उभ्या माणसाला फक्त पाय असतात. सव्वा तासात आमच्या डब्याने सिनेमाचा निकाल लावला. एक म्हणाले, लक्ष्या नाही तर बघायचं काय? दुसरे म्हणाले, थ्री-डीच्या चष्म्याने डोकं दुखलं, बाहुला अंगावर येतो पण विनोद येत नाही. तिसरे जरा अंदरकी बात सांगणारे होते. लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आहेत आदिनाथ, महेश कोठाऱ्यांचे चिरंजीव. “घरचाच मामला,” असं म्हणून त्यांनी डोळा मारला. हे गृहस्थ त्यांच्या वडिलांच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर लागलेले होते.

डब्याचं पहिलं मत मला पटतं आणि पटत नाही. लक्ष्याची उणीव खरीच आहे. बेर्डे पडद्यावर नुसते घाबरले तरी थिएटर हसायचं. भेदरलेल्या माणसाचा तो चेहरा कुणाला वारशाने मिळत नाही. पण मुलाला बघायला जायचं आणि बाप दिसला नाही म्हणून पैसे परत मागायचे, हे मी रोज काउंटरवर बघतो. नवी सही आली की आम्ही जुनं कार्ड काढतो आणि म्हणतो, जुळत नाही. अरे बाबा, कशी जुळेल? तो दुसरा माणूस आहे!

माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमाच्या हातात एक विलक्षण गोष्ट आली होती आणि त्याने ती पळापळीत घालवली. बघा, बाप गेलेला. मुलाला बापाच्या गोष्टी कुणी सांगायच्या? आणि एक दिवस दारात जो उभा राहतो, तो जीव घ्यायला आला असला तरी बापाला ओळखत होता. बापाच्या ऐन उमेदीत त्याच्या घरात राहिलेला होता. मी शेवटपर्यंत वाट बघितली, की हा आदित्य त्या बाहुल्याला एकदा तरी विचारेल, “माझे बाबा कसे होते रे?” आणि तात्या चाकूबिकू क्षणभर बाजूला ठेवून सांगेल. त्याऐवजी माणसं धावली, बाहुला धावला, चष्म्यातून वस्तू अंगावर आल्या. टिम बर्टनचा २००३ चा ‘बिग फिश’ आहे, त्यात म्हातारा बाप आयुष्यभर राक्षस, चेटकीण, अजस्र मासा असल्या थापा मारत राहतो. मुलगा त्याला वैतागलेला, आणि शेवटी बापाच्या बिछान्याशी बसून मुलालाच थाप मारायची वेळ येते. तात्याच्या सिनेमाला ही जागा आयती मिळाली होती. अमेरिकेत तर २००४ साली ‘सीड ऑफ चकी’मध्ये खुद्द बाहुल्याला मूल झालं. आपण फार तर चार वाक्यं मागत होतो.

हे मी इतक्या तावातावाने का म्हणतो, तेही सांगतो. १९९३ चा सिनेमा मला वडिलांनी दाखवला होता. एरवी घरात आमचे बाबा म्हणजे घड्याळ, दूध आणि लाइट बिल. त्या दिवशी ते पोट धरून हसले. २०१३ ला मी त्यांना नेलं. आपल्या चाळिशीच्या चष्म्यावर थ्री-डीचा चष्मा चढवून ते ताठ बसले होते, हसले नाहीत. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, “बेर्डे गेला तेव्हा पोरं लहान असतील ना त्याची.” २०१६ साली बाबा गेले. महिन्याभराने एका पतपेढीचा वसुलीवाला दारात आला. बाबा कुणा मित्राला जामीन राहिले होते, मित्र हप्ते थकवून गाव सोडून गेला होता. मी चेहऱ्यावर टेबल आणलं आणि कागद मागितले. कागद देता देता तो गृहस्थ म्हणाला, “तुमचे वडील काय नकला करायचे हो! आमच्या मॅनेजरची नक्कल मॅनेजरसमोर केली होती त्यांनी.”

मी छत्तीस वर्षांचा होतो. बाबांना मी एकही नक्कल करताना बघितलं नव्हतं. त्याला आत बोलावलं, चहा टाकायला सांगितला आणि तासभर बसवून ठेवला. पुढे ते कर्जही फेडलं.

सिनेमात जे नाही ते सिनेमाच्या मागे मात्र भरपूर आहे. रामदास पाध्यांच्या हातात बाहुली आली ती त्यांचे वडील य. के. पाध्ये यांच्याकडून, अर्धवटराव हा त्या घरातला त्यांच्याही आधीचा सभासद. आज त्यांचे चिरंजीव सत्यजित तीच कला करतात. महेश कोठाऱ्यांचे वडील अंबर कोठारे नट, महेश स्वतः १९६३ च्या ‘छोटा जवान’मधले बालकलाकार, आदिनाथना त्यांनी १९९४ मध्ये ‘माझा छकुला’त आणलं. त्या आदिनाथने पुढे ‘पाणी’ दिग्दर्शित केला, मराठवाड्यातल्या पाणीटंचाईवर, बाहुल्याशिवाय, आणि पर्यावरण संवर्धनावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. अंदरकी बातवाले तेव्हा डब्यात भेटले असते तर बरं झालं असतं, पण ते निवृत्त झाले होते. बेर्ड्यांचा अभिनय २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’मधून पडद्यावर आला. माझ्या बायकोने तो बघितला आणि सगळ्यात आधी म्हणाली, “हसला की वडिलांसारखा दिसतो.” म्हणजे जुनं कार्ड आमच्या घरीही निघालंच.

माझा मुलगा आता कॉलेजात आहे. त्याने दोन्ही ‘झपाटलेला’ परवा फोनवर ओळीने बघितले आणि निकाल दिला: पहिला भारी, दुसरा स्किप. मी त्याला २००५ ची दुरुस्ती समजावायला सुरुवात केली. तर म्हणाला, “मला दुसऱ्यातलं एकच आठवतंय.” उठला, माझ्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर ठेवला, त्यावर आईचा चढवला, पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले, आणि खालचा ओठ असा किंचित पुढे काढला, की स्वयंपाकघरातून बायको लाटणं हातात घेऊन बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली.