टाकणे आणि राखणे : ध्रुवीय मोहिमांचे लेगो संच आणि संग्राहकवृत्ती

प्रस्तावना

आपल्या अभ्यासक्रमांत खेळण्याला समीक्षेचा विषय म्हणून क्वचितच स्थान मिळते. खेळणे हे मुलांचे, म्हणून ते गौण, अशी धारणा त्यामागे असावी. रोलाँ बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकात खेळण्यांवर स्वतंत्र टिपण लिहून या धारणेला छेद दिला. बहुतेक खेळणी मोठ्यांचे जग लहान करून मुलाच्या हाती देतात आणि त्याला निर्माता होऊ न देता केवळ वापरकर्ता बनवतात, हा त्यांचा आक्षेप होता. साध्या जोडठोकळ्यांना मात्र त्यांनी या आक्षेपातून वगळले. मूल ठोकळ्यांतून जे उभे करते ते त्याचे स्वतःचे असते, हे त्यामागील कारण होय.

डेन्मार्कमधील लेगो कंपनीचे संच या दोहोंच्या सीमेवर उभे आहेत. त्यांत ठोकळे आहेत, पण सोबत जोडणीची पुस्तिका आहे आणि खोक्यावर काय तयार व्हावे याचे चित्रही आहे. या कंपनीने २००० पासून ध्रुवीय संशोधनावर अनेक संच काढले. ते प्रामुख्याने मुलांसाठी होते, तथापि त्यांतील कितीतरी आज प्रौढ संग्राहकांच्या कपाटांत आहेत. या संचांचे एक सांस्कृतिक संहिता म्हणून वाचन करणे आणि त्यांच्या संग्रहाचा अर्थ तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. प्रस्तुत लेखक स्वतः एक लहानसा संग्राहक आहे. त्यामुळे विवेचनात तटस्थतेला काही मर्यादा पडणार, हे आरंभीच नोंदवणे उचित ठरेल.

संग्रह आणि ध्रुवीय इतिहास

संग्रह म्हणजे राखणे. ज्याँ बोद्रियार यांनी 'वस्तूंची व्यवस्था' (१९६८) या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे संग्राहकाला हाती असलेल्या वस्तूंपेक्षा नसलेली वस्तू अधिक खेचते. सुसान स्टुअर्ट यांनी 'ऑन लाँगिंग' (१९८४) या ग्रंथात संग्रह हा इतिहासाच्या जागी वर्गीकरण आणतो, असे प्रतिपादन केले आहे. वस्तू कुठून आली, कोणाच्या हातून गेली, हे मागे पडते आणि मालिकेत तिचा क्रमांक कितवा, एवढेच उरते.

ध्रुवीय मोहिमांचा इतिहास मात्र पदोपदी टाकून देण्याचा इतिहास आहे. या संदर्भात दोन प्रसंग विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या मोहिमेतील आहे. त्यांचे 'एन्ड्युरन्स' हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकले. बर्फाच्या दाबाने ते मोडू लागल्यावर २७ ऑक्टोबर १९१५ रोजी ते सोडून द्यावे लागले. बर्फावरून चालत निघायचे तर ओझे कमी हवे, म्हणून प्रत्येकाला वैयक्तिक सामान सुमारे दोन पौंडांपर्यंतच नेण्याची मुभा मिळाली. शॅकल्टन यांनी स्वतःजवळची सोन्याची नाणी बर्फावर टाकली. हसी यांचा बँजो मात्र सोबत घेतला गेला, कारण माणसांचे मन टिकवण्यासाठी तो आवश्यक मानला गेला. मोहिमेचे छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी शॅकल्टन यांच्यासमवेत बर्फावर बसून काचेच्या निगेटिव्ह निवडल्या. सुमारे १२० ठेवल्या आणि उरलेल्या सुमारे ४०० तिथेच फोडल्या. निवडीबद्दल पुन्हा मन बदलू नये, हा त्यामागचा हेतू होता. आज जगाला परिचित असलेली या मोहिमेची बरीच छायाचित्रे या फोडाफोडीतून वाचलेली आहेत.

दुसरा प्रसंग रॉबर्ट स्कॉट यांच्या मोहिमेतील आहे. १७ जानेवारी १९१२ रोजी ते दक्षिण ध्रुवावर पोहोचले, तेव्हा आमुंडसेन त्यांच्या आधी तेथे पोहोचून परतले होते. परतीच्या वाटेवर, शक्ती संपत आलेली असताना, स्कॉट यांच्या पथकाने बिअर्डमोर हिमनदीच्या परिसरात खडकांचे नमुने गोळा केले. सुमारे ३५ पौंडांचे, म्हणजे १६ किलोग्रॅमचे हे ओझे त्यांनी शेवटपर्यंत टाकले नाही. नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला तंबूत तीन मृतदेह सापडले, तेव्हा हे नमुनेही सोबत मिळाले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीचे जीवाश्म होते. हीच वनस्पती आपल्या विदर्भात, चंद्रपूर परिसरातील कोळशाच्या थरांतही जीवाश्मरूपाने आढळते. अंटार्क्टिका आणि भारत एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, या सिद्धांताला अशा नमुन्यांनी बळ दिले. त्या भूखंडाला मध्य भारतातील गोंडवनावरूनच नाव मिळालेले आहे.

एकाने राखण्यासाठी टाकले, तर दुसऱ्याने राखले आणि त्यासाठी प्राणांचीही पर्वा केली नाही. दोन्ही ठिकाणी राखण्याची किंमत मोजावी लागली, हे महत्त्वाचे. ध्रुवीय प्रदेशात फुकट राखता येत नाही. या कसोटीवर लेगोच्या संचांकडे पाहता काय दिसते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

संचांचे वाचन : २००० ते २०२३

लेगोने २००० मध्ये 'आर्क्टिक' ही मालिका आणली. तळ, बर्फावर चालणारी वाहने, संशोधक आणि ध्रुवीय अस्वल हे तिचे घटक होते. 'लेगो सिटी' या शृंखलेत हा विषय २०१४, २०१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. वाहनांचे आकार बदलले, तरी संचांची मूळ रचना फारशी बदलली नाही. केंद्रस्थानी एक यंत्र, त्याभोवती भडक रंगाच्या पोशाखातील माणसे आणि बर्फात दडलेले काहीतरी असे तिचे स्वरूप आहे.

हे 'काहीतरी' दर वेळी बदलत गेले, आणि संचांचा खरा आशय येथेच सापडतो. २०१४ च्या संचांत बर्फाच्या आत पारदर्शक स्फटिक आहेत. ते फोडून काढणे हे संशोधकांचे काम. २०१८ च्या 'आर्क्टिक मोबाइल एक्सप्लोरेशन बेस' या ७८६ तुकड्यांच्या संचात बर्फात गोठलेला मॅमथ आहे, तर त्याच मालिकेतील हवाई वाहतुकीच्या संचात तलवारदंती वाघ. २०२३ च्या ८१५ तुकड्यांच्या 'आर्क्टिक एक्सप्लोरर शिप' मध्ये समुद्रतळाशी बुडालेल्या जहाजाचे अवशेष आहेत. आधी खनिज, मग लुप्त प्राणी आणि शेवटी बुडालेले जहाज असा हा क्रम आहे. ध्रुवीय प्रदेश म्हणजे उघडून पाहण्याची तिजोरी, ही कल्पना सर्वत्र कायम आहे.

मॅमथचे उदाहरण विशेष बोलके आहे. सायबेरियात मॅमथचे गोठलेले अवशेष खरोखर सापडतात. २००७ मध्ये यामाल द्वीपकल्पात सापडलेले 'ल्युबा' हे मॅमथचे पिल्लू प्रसिद्ध आहे. असे अवशेष पुष्कळदा नदीच्या प्रवाहाने काठ खचल्यामुळे किंवा गोठलेली जमीन वितळल्यामुळे उघडे पडतात. संचात मात्र बर्फ वितळत नाही, संशोधक तो यंत्राने कापतो. म्हणजे निसर्गात जे ऱ्हासाचे लक्षण असू शकते, ते खेळण्यात पराक्रमाचे फळ होते. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जागतिक सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापत आहे, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. लेगोच्या बर्फात या तापमानाचा मागमूस नाही. तसेच आर्क्टिकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे इनुइट आणि अन्य समाज या मोहिमांच्या कथानकात नाहीत. येथे जो येतो तो बाहेरून, यंत्रासह येतो. ही उणीव बालसुलभ म्हणून सोडून देता येणार नाही, कारण बार्थ यांच्या आक्षेपाचा रोख नेमका अशाच ठिकाणी आहे.

तेल, बर्फ आणि ठोकळे

लेगो आणि शेल या तेलकंपनीचे व्यापारी संबंध १९६० च्या दशकापासूनचे होते. जुलै २०१४ मध्ये, म्हणजे आर्क्टिक संच पुन्हा बाजारात आले त्याच वर्षी, ग्रीनपीस या संघटनेने एक लघुचित्रफीत प्रसारित केली. तीत लेगोच्या ठोकळ्यांतून उभारलेले आर्क्टिक हळूहळू काळ्या तेलात बुडताना दाखवले होते. शेलच्या आर्क्टिकमधील तेलउत्खननाच्या योजनांना हा विरोध होता. संघटनेने हा प्रश्न थेट शेलशी सोडवावा, अशी भूमिका लेगोने प्रथम घेतली. त्यानंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये चालू करार संपल्यावर त्याचे नूतनीकरण करणार नाही, असे तिने जाहीर केले.

समीक्षेच्या दृष्टीने ही चित्रफीत म्हणजे लेगोच्याच भाषेत केलेली लेगोची समीक्षा होय. संच जे लपवतात ते तिने त्याच ठोकळ्यांनी दाखवले. परंतु प्रश्न कराराने सुटत नाही. ठोकळ्यांचे प्लॅस्टिक मुख्यतः खनिज तेलापासूनच बनत आले आहे. टाकाऊ बाटल्यांपासून ठोकळे बनवण्याचा प्रयोग लेगोने २०२१ मध्ये जाहीर केला आणि त्याने कार्बन उत्सर्जन घटत नसल्याचे आढळल्याने २०२३ मध्ये सोडून दिला. तेव्हा आपल्या कपाटातील पारदर्शक निळा बर्फ कशाचा बनला आहे, हा प्रश्न संग्राहकालाही चुकवता येत नाही.

'एन्ड्युरन्स' : मोडलेल्या जहाजाची जोडणी

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस आलेला 'दि एन्ड्युरन्स' हा ३०११ तुकड्यांचा संच प्रौढांसाठी आहे. दोन वर्षांपूर्वी, ५ मार्च २०२२ रोजी, या जहाजाचे अवशेष वेडेल समुद्रात ३००८ मीटर खोलीवर सापडले होते. दोन्ही आकड्यांतील साम्य योगायोगाचे असले, तरी संग्राहकाच्या मनात ते रेंगाळल्याशिवाय राहत नाही. समुद्राने २१ नोव्हेंबर १९१५ रोजी जे नेले, ते जणू तुकड्यातुकड्याने परत वर येते.

कारागिरीच्या दृष्टीने हा या विषयावरील सर्वांत प्रगल्भ संच आहे. शिडे, डोलकाठ्या आणि दोर यांची जोडणी हाताला संथ, एकाग्र व्हायला लावते. लघुप्रतिकृतीत आपण भागांआधी पूर्णाला जाणतो, असे लेव्ही-स्ट्रॉस यांनी म्हटले आहे. येथे तो अनुभव येतो. परंतु या संचात दोन गोष्टी नाहीत. एक म्हणजे माणसे. मोहिमेच्या या जहाजावर २८ जण होते, येथे एकही मानवी आकृती नाही. दुसरी म्हणजे बर्फ. ज्याने या जहाजाला इतिहास दिला, तोच वगळला आहे. आपण जोडतो ते प्रसिद्ध होण्याआधीचे जहाज.

या वगळण्याचे दोन अर्थ संभवतात. ते संयमाचे लक्षण मानता येईल, कारण माणसांच्या यातनांच्या बाहुल्या करणे अनुचित ठरले असते. दुसरा अर्थ असा, की हा संच शौर्यकथेला प्रश्नांपासून सुरक्षित ठेवतो. या जहाजावरील २८ जण वाचले हे खरे, पण त्याच मोहिमेच्या रॉस समुद्राकडील तुकडीतील तिघे दगावले. जे शॅकल्टन कधी पोहोचलेच नाहीत, त्यांच्यासाठी ती तुकडी अन्नसाठे रचत होती. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाचे युक्का तुहकुरी यांनी २०२५ मध्ये 'पोलर रेकॉर्ड' या नियतकालिकात दाखवले, की हे जहाज बर्फाच्या दाबासाठी पुरेसे भक्कम बांधलेलेच नव्हते आणि शॅकल्टन यांना त्याच्या उणिवा ठाऊक होत्या. संच जोडताना प्रत्येक तुकडा अचूक बसतो. मूळ जहाजात नेमकी तीच खात्री नव्हती. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या अर्थात तथ्य आहे, तथापि दुसरा अधिक वजनदार आहे.

न उघडलेले खोके

संग्राहकांत एक वर्ग असा आहे, जो खोके उघडतच नाही. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातील २३२२ संचांच्या किमती तपासल्या. उत्पादन बंद झालेल्या, न उघडलेल्या संचांच्या किमती दुय्यम बाजारात वर्षाला सरासरी सुमारे ११ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. येथे खेळणे हे ठेवीचे रूप घेते. ज्या मोहिमेचा अर्थ निघण्यात आहे, तिला निघूच न देणे हे या खोक्याचे मूल्य ठरते.

प्रस्तुत लेखकाकडेही २०१८ च्या मालिकेतील असे एक खोके आहे. ते उघडले नाही याला कारण किंमत नव्हे, तर उघडल्यावर ते 'पूर्ण' राहणार नाही ही भीती होती. हर्ली यांच्या फोडलेल्या निगेटिव्हबद्दल वाचल्यानंतर ही भीती प्रथमच क्षुद्र वाटली. त्यांनी ४०० गमावल्या म्हणून १२० उरल्या. आपण काहीच गमावत नाही, आणि म्हणून आपल्याजवळ नेमके काय उरते, हे सांगता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की ध्रुवीय संच काहीही न टाकता करण्याची मोहीम संग्राहकाला देऊ करतात. त्यांतील बर्फ वितळत नाही, माणसे दमत नाहीत, जहाज मोडत नाही. या अर्थाने ते आपल्या विषयाशी प्रतारणा करतात, आणि न उघडलेले खोके ही त्या प्रतारणेची परिसीमा होय.

परंतु ठोकळ्याच्या अंगी एक गुण आहे, जो संग्राहक विसरतो आणि मूल विसरत नाही. तो सुटतो. या गुणाला ध्रुवीय वास्तवात आधार आहे. १९९१ च्या माद्रिद संधिपत्राने अंटार्क्टिकात पर्यावरणरक्षणाचे कडक नियम घातले, आणि तेथे नेलेले शक्य तितके परत आणणे हे कर्तव्य ठरले. २०१२ मध्ये कार्यान्वित झालेले भारताचे 'भारती' हे संशोधनकेंद्र १३४ मालवाहू कंटेनर जोडून उभारलेले आहे आणि पुढे सुटे करून हलवता येईल, अशा बेताने रचलेले आहे. त्याचा कारभार पाहणारी संस्था गोव्यात वास्को येथे आहे. म्हणजे जोडणे आणि उकलणे ही ध्रुवावर आज केवळ खेळाची रीत नाही, ती तेथे वावरण्याची नैतिक अट आहे.

म्हणून ध्रुवीय संचांच्या संग्रहाला विरोध करण्याचे प्रयोजन नाही. मात्र तो संग्रह जोडला जावा, पुन्हा उकलला जावा आणि कधीतरी लहान मुलांच्या हाती जावा, एवढी अपेक्षा रास्त ठरेल. त्यात काही तुकडे हरवतील. शॅकल्टन यांच्या माणसांनी बर्फावर जे सोडले, त्याच्या तुलनेत हे नुकसान अल्प आहे.