वर्गाची चंद्रवही

विज्ञानाच्या वह्या आपण शिक्षक तपासतो, वाचत मात्र नाही. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे मथळे जागेवर आहेत, आकृतीला नावे दिली आहेत, एवढे पाहिले की खाली सही होते. दुसऱ्या सत्रात आमच्या आठवीच्या वर्गाने चंद्राची एक सामाईक निरीक्षणवही ठेवली. रोज एकाची पाळी. नोव्हेंबर ते मार्चची ही वही लेखन म्हणून सलग वाचण्याजोगी आहे.

पहिल्या पंधरवड्यातल्या नोंदी निबंधाच्या वहीतून उचलल्यासारख्या वाटतात. 'रुपेरी चांदणे पसरले होते', 'चंद्र अतिशय मनोहर दिसत होता'. वेळ नाही, दिशा नाही. एकाने तर पाठ्यपुस्तकातली चंद्रकलांची आकृतीच उतरवली आहे. घराबाहेर पाऊल न टाकताही असे लिहिता येते!

पौर्णिमा उलटली आणि पंचाईत झाली. संध्याकाळी चंद्र दिसेना, म्हणून दोन पाने कोरी राहिली. तिसऱ्या दिवशी एका मुलीने लिहिले, 'साडेसातला पाहिले. चंद्र दिसला नाही. आभाळ स्वच्छ होते.' माझ्या मते वहीतले खरे शास्त्रीय लेखन येथे सुरू होते. आभाळ स्वच्छ असल्याचे सांगितल्यामुळे न दिसण्यालाही अर्थ आला. मग चंद्र आहे कुठे, हा प्रश्न वर्गात निघाला आणि मुले उशिरापर्यंत जागू लागली. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे त्यांनी आधी घड्याळावर पाहिले, नंतर पुस्तकात वाचले.

डिसेंबरातल्या संकष्टीची नोंद तर मुळातून वाचावी. 'आईचा उपास होता म्हणून मी आठपासून गच्चीवर होतो. दिनदर्शिकेत आमच्या गावासाठी चंद्रोदय ८ वाजून ५२ मिनिटे दिला आहे. चंद्र ९ वाजून १० मिनिटांनी दिसला. दिनदर्शिका चुकली का?' खाली दुसऱ्या कोणाचे तरी पेन्सिलीतले अक्षर आहे, 'पूर्वेला डोंगर आहे.' दिनदर्शिकेतली वेळ सपाट क्षितिज धरून काढतात, हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागले नाही.

गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी गुरूजवळ तीन ठिपके पाहिले; दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. ९ तारखेला ढग. १० तारखेला दोनच, आणि तेही पूर्वेला. १३ तारखेला चार. आरंभी हे स्थिर तारे आहेत असे त्याला वाटले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने ढगाळ रात्रही ठेवली आणि आपला पहिला समजही. गुरूचे चंद्र वाचकालाही त्याच क्रमाने सापडत जातात.

आमच्या वहीत उणिवाही आहेत. 'बराच वर', 'थोडा खाली' हे शब्द शेवटपर्यंत गेले नाहीत. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते, तेवढे मोजमाप सहज जमले असते.

पण मोठी हानी झाली ती मार्चमध्ये, प्रदर्शनासाठी वही 'पक्की' करताना. मुलांनीच हौसेने नवी वही केली. त्यात कोरी पाने नाहीत, 'दिसला नाही' नाही, डोंगरही नाही. 'असे निरीक्षण करण्यात आले' हे वाक्य मात्र पानोपानी परतले आहे. जो मुलगा गच्चीवर कुडकुडत उभा होता, तो पक्क्या वहीत कुठेच सापडत नाही. मुलांना दोष कसा द्यावा? गुण कशाला मिळतात हे आठवीपर्यंत त्यांना पुरते कळलेले असते. पक्क्या वहीला प्रदर्शनात शाबासकीही मिळाली.

जूनमध्ये येणाऱ्या नव्या वर्गाच्या हाती मी कच्ची वहीच देणार आहे. पावसाळ्यात बहुतेक पानांवर 'ढग' एवढेच येईल, हे उघड आहे. ते वेळेसह यावे, इतकेच सांगायचे आहे.