'द क्रूएल सी', एक फ्रिगेट आणि नैतिक पेचाचं मूळ



मागच्या व्याख्यानात आपण कर्तव्य आणि परिणाम यांच्यातल्या ताणाबद्दल बोललो. आज तोच धागा एका कादंबरीच्या अंगाने पुढे न्यायचा आहे. कादंबरी आहे निकोलस मॉन्सरॅट यांची 'द क्रूएल सी'. ती 1951 साली आली, आणि 1953 साली चार्ल्स फ्रेंड यांनी तिच्यावर चित्रपट काढला. दोन्हीपैकी काहीच पाहिलं-वाचलं नसेल तरी हरकत नाही, लागेल तेवढी गोष्ट आम्ही सांगू.

आणि एक कबुलीही द्यायची आहे. या गोष्टीतला एक प्रसंग आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला, आणि अर्धवट शिकवला.

प्रसंग असा. दुसरं महायुद्ध, अटलांटिक महासागर. 'कंपास रोझ' ही लहानशी युद्धनौका मालवाहू जहाजांच्या ताफ्याचं रक्षण करते आहे. ताफ्यातलं एक जहाज पाणबुडीने बुडवलं आहे आणि त्यातली माणसं पाण्यात पोहत आहेत. आपल्याला उचलायला कोणी येतं आहे म्हणून ती आशेने बघत आहेत. तेवढ्यात ध्वनियंत्र सांगतं की पाणबुडी बरोबर त्या माणसांच्या खाली आहे. कप्तान एरिक्सन हल्ल्याचा हुकूम देतो. पाण्यातली माणसं मरतात. आणि पाणबुडी? तिचा काही पुरावाच मिळत नाही. कदाचित ती तिथे नव्हतीच.

हा प्रसंग आम्ही वर्गात मांडायचो, आणि मग फिलिपा फूट यांचा 1967 सालचा ट्रॉलीचा दाखला फळ्यावर काढायचो. गाडी घसरत येते आहे, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक, तुम्ही काय कराल? मुलं हिरिरीने वाद घालायची. कोणी कांटच्या बाजूने, कोणी मिलच्या. आम्हाला वाटायचं, तास छान झाला.

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. वडील गोदीत फिटर होते त्याचे. म्हणाला, "सर, पण ते बाँब जहाजाच्या मागूनच का टाकायचे? पुढे फेकता येत नाहीत का?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. म्हणालो, "बाळा, हा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे, आपला नव्हे." आज इतक्या वर्षांनी आम्ही म्हणतो की त्या तासाला खरा नीतिशास्त्राचा प्रश्न त्या एकट्यानेच विचारला होता. का, ते आता पाहू.

'कंपास रोझ' ही फ्लॉवर वर्गातली कॉर्व्हेट. या नौका टीज नदीकाठच्या स्मिथ्स डॉक या कंपनीच्या विल्यम रीड यांनी व्हेल पकडणाऱ्या बोटीच्या आराखड्यावरून बेतल्या होत्या. लांबी 205 फूट, एकच पंखा, वेग 16 नॉट. जर्मनांची नेहमीची पाणबुडी पृष्ठभागावर 17 नॉटने पळायची. म्हणजे शिकाऱ्यापेक्षा सावज वेगवान! बांधायला सोप्या आणि स्वस्त, म्हणून घाईघाईने पुष्कळ बांधल्या. पण त्या मुळात किनाऱ्याजवळच्या कामासाठी होत्या आणि त्यांना पाठवलं अटलांटिकच्या मध्यावर. सुरुवातीच्या नौकांत भटारखाना मागच्या बाजूला आणि खलाशांची राहायची जागा पुढे. मधल्या उघड्या डेकवरून, लाटा अंगावर घेत जेवण न्यायचं. पोहोचेपर्यंत ते गार, आणि बऱ्याचदा खारटही.

आता शस्त्राकडे वळू. शस्त्र म्हणजे डेप्थ चार्ज, स्फोटकांनी भरलेलं पिंप. त्यात 290 पौंड दारूगोळा. ठरावीक खोलीवर ते आपोआप फुटतं. तिथे पाणबुडी असो वा नसो. ती शोधायचं यंत्र म्हणजे ॲस्डिक, आजच्या भाषेत सोनार. त्याचा ध्वनिझोत पुढे तिरका जायचा. त्यामुळे पाणबुडी दीड-दोनशे यार्डांच्या आत आली की ती त्या झोताच्या खाली निसटायची. तिथून पुढे जहाज आंधळं. त्यात ही पिंपं टाकायची पिछाडीवरून आणि बाजूंनी, म्हणजे आधी त्या जागेवरून जहाज न्यायचं. पिंप बुडतं सेकंदाला साधारण 10 फूट. पाणबुडी 300 फुटांवर असेल तर आणखी अर्धं मिनिट. शेवटचा जवळजवळ मिनिटभर कप्तान केवळ अंदाजावर चालतो आहे. आणि स्फोटांनी पाणी इतकं ढवळून निघायचं की बराच वेळ यंत्राला काही ऐकूच यायचं नाही.

आता एरिक्सनच्या प्रसंगाकडे परत या. त्याचा पेच तीन गोष्टींनी घडला आहे. शस्त्र मागे आहे, म्हणून जहाज माणसांवरून न्यावं लागतं. शस्त्र पाणबुडी नसली तरी फुटतं, म्हणून चुकीच्या अंदाजाची किंमतही माणसांच्या जिवाने द्यावी लागते. आणि यंत्र ऐन क्षणी आंधळं होतं, म्हणून अंदाज चुकण्याची शक्यता मोठी. या तिन्हींपैकी एकही गोष्ट एरिक्सनच्या सदसद्विवेकबुद्धीतून आलेली नाही. तिन्ही कोणीतरी आधी कागदावर आखल्या होत्या.

1930च्या दशकात ब्रिटिश नौदलाची ठाम समजूत होती की ॲस्डिक आलं, आता पाणबुडीचा प्रश्न मिटला. त्या आत्मविश्वासाची किंमत 1941 साली पाण्यातल्या माणसांनी चुकवली.

मग फ्रिगेट आली. फ्रिगेट हे नाव शिडाच्या जहाजांच्या जमान्यातलं. नव्या वर्गासाठी ते पुन्हा बाहेर काढलं. 1942पासून सेवेत आलेल्या या रिव्हर वर्गाच्या नौकाही रीड यांनीच आखल्या. आपल्याच आधीच्या कामातल्या उणिवा ओळखून माणूस पुन्हा पाटीवर बसला, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. लांबी 301 फूट, दोन पंखे, वेग 20 नॉट, मधेच तेलासाठी ताफा सोडायला लागू नये एवढा लांब पल्ला. बहुतेकींची इंजिनं मात्र जुन्या वळणाची, वाफेवरची. कारण टर्बाइन विनाशिकांना हवी होती, आणि साध्या गोद्यांना बांधता येईल, राखीव दलातल्या माणसांना चालवता येईल असंच यंत्र हवं होतं. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मिळून दीडशेच्या आसपास नौका झाल्या.

आणि नाळेजवळ होतं हेजहॉग. साळिंदराच्या काट्यांसारखे उभे 24 बाँब, एकदम पुढे, दोन-अडीचशे यार्डांवर फेकले जाणारे. म्हणजे पाणबुडी यंत्राच्या टप्प्यात असतानाच हल्ला. हे बाँब पाणबुडीच्या कवचावर आपटले तरच फुटायचे, नाहीतर गुपचूप तळाला जायचे. ब्रिटिशांच्या हिशेबाप्रमाणे डेप्थ चार्जच्या साधारण 60 हल्ल्यांमागे एक पाणबुडी बुडाली; हेजहॉगच्या सहा हल्ल्यांमागे एक.

गंमत अशी की सुरुवातीला खलाशांना ते आवडलंच नाही. डेप्थ चार्ज फुटला की समुद्र उसळतो, कानठळ्या बसतात, काहीतरी केल्यासारखं वाटतं. हेजहॉग चुकलं की नुसती शांतता. पण मित्रहो, ती शांतता खरं बोलत होती! "तू चुकलास, खाली कोणी नाही," एवढंच ती सांगत होती. डेप्थ चार्जचा आवाज कप्तानाला असं काहीच सांगत नव्हता.

म्हणजे हेजहॉग निष्पाप शस्त्र होतं का? मुळीच नाही. पोहणाऱ्या माणसावर वरून 65 पौंडांचा बाँब पडला तर तो मरेलच, आणि खाली नेम लागला तर तिथला स्फोटही जवळच्यांना सोडणार नाही. पेच संपला असं आम्ही म्हणत नाही. पण जो पेच एरिक्सनला आयुष्यभर छळेल, म्हणजे खाली कोणी नसताना आपण माणसं मारली का, तो या यंत्राने पुष्कळ लहान केला. असंच दुसरं उदाहरण बचाव-जहाजांचं. बुडणाऱ्यांसाठी थांबावं तर रक्षक नौकाच सावज होते. 1941पासून ताफ्याच्या शेपटाला छोटी प्रवासी जहाजं खास याच कामासाठी ठेवली गेली, आणि त्यांनी 4,000हून अधिक माणसं वाचवली. तिथे कोणा कप्तानाने जास्त धैर्य दाखवलं असं नव्हे. व्यवस्था बदलली.

आता कादंबरीकडे टीकाकार म्हणून बघू. मॉन्सरॅट यांचं मोठेपण आधी सांगतो. ते स्वतः कॉर्व्हेटवर होते, पुढे फ्रिगेटवरही. हल्ल्यानंतर पाण्यावर तेलाचा तवंग दाखवून एरिक्सनला निर्दोष ठरवण्याचा मोह त्यांनी टाळला. वाचकाला त्यांनी सोडवलं नाही. चित्रपटातही जॅक हॉकिन्सचे अश्रू त्या संशयाचेच आहेत.

उणीव पुढे आहे. कादंबरीच्या उत्तरार्धात एरिक्सनला 'सॉल्टॅश' ही फ्रिगेट मिळते. लेखकाचा जीव मात्र बुडालेल्या कॉर्व्हेटवरच राहतो. फ्रिगेट मोठी, कार्यक्षम, जरा थंड, कप्तानही तसाच. वाचकाला वाटतं, माणुसकी गेली आणि यंत्र आलं. आमचं म्हणणं बरोबर उलट आहे. माणुसकीचं उशिरा आलेलं उत्तर त्या यंत्रातच होतं, आणि लेखकाने ते हाताशी असून ओलांडलं. चित्रपटात तर फ्रिगेटच नाही. कॅसल वर्गाची कॉर्व्हेट तिच्या जागी आली. आणि शीर्षक? क्रौर्याचं माप ते थेट समुद्राच्या पदरात टाकतं. समुद्र बिचारा कोणावर टॉर्पेडो सोडत नाही.

शेवटचा मुद्दा पाण्यातल्या माणसांचा. त्या प्रसंगात त्यांना नावं नाहीत. आपण तरी विचारू या की अशा जहाजांवर कोण असायचं? ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांत मोठा वाटा हिंदुस्थानी लोकांचा होता. मुंबईहून भरती होणाऱ्यांत रत्नागिरीकडचे डेकवरचे खलाशी, त्यांचे सारंग आणि तांडेल, आणि गोव्याचे स्वयंपाकी नि वाढपी असत. युद्धात गेलेल्या 6,000हून अधिक हिंदी नाविकांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे. आम्ही वर्गात 'पाण्यातली माणसं' म्हणायचो तेव्हा त्यांत कोकणातला कोणी असू शकतो हे आमच्या मनात कधी आलं नाही. उदाहरण म्हणून माणसं वापरली की असं होतं.

आणि फ्रिगेटचा गौरव करताना हेही विसरू नये. 12 ऑगस्ट 1944 रोजी सेशेल्सजवळ रिव्हर वर्गाची 'फाइंडहॉर्न' आणि आपली 'गोदावरी' यांनी मिळून यू-198 ही पाणबुडी बुडवली. आतले सगळेच्या सगळे, 66 जण गेले. चांगला आराखडा चूक कमी करतो, युद्ध नव्हे.

तेव्हा ट्रॉलीचा दाखला शिकवणाऱ्यांना आमची विनंती आहे. काय कराल हे जरूर विचारा, पण आधी रूळ कोणी टाकले तेही विचारा. ब्रेक का नव्हता, विचारा. धर्मसंकटात सापडलेल्या माणसाबद्दल आपल्याला कळवळा वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण त्या कळवळ्यात संकट बांधणारे नजरेआड होऊ नयेत.

मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी आज कुठे असेल आम्हाला ठाऊक नाही. हे त्याच्या कानावर गेलं तर त्याने एवढं समजावं की त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि आमचं हसणं चूक होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. इंजिनिअरिंगचेही चालतील.