रवा, स्फटिक आणि क्रियापद

शास्त्रीय मराठीचा प्रश्न निघाला, की आपल्याकडील चर्चा बहुधा नामांपाशी येऊन थांबते. अमुक इंग्रजी संज्ञेस मराठी प्रतिशब्द कोणता, तो संस्कृतातून घडवावा की बोलीतून उचलावा, याविषयीचा वाद जुना आहे. तो निरर्थक होता असे आम्ही म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले. पुढे १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले, १९६६ साली मुंबईस मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. या परंपरेने शास्त्रीय मराठीस संज्ञांचे भांडवल मिळवून दिले. तथापि शास्त्रीय गद्याची खरी कसोटी नामांपेक्षा क्रियापदांत लागते, असे आमचे मत आहे. ते पारखून पाहण्यासाठी आम्ही येथे एकच विषय घेत आहोत : स्फटिक आणि नॅनोकण कसे उत्पन्न होतात आणि कसे वाढतात. हा विषय आरंभापासून अखेरपर्यंत क्रियेचा आहे. येथे जे घडते ते सांगता आले नाही, तर नुसती नावे देऊन वाचकाच्या पदरी फारसे काही पडत नाही.

प्रथम ‘स्फटिक’ हा शब्दच पाहावा. संस्कृतात तो एका विशिष्ट पारदर्शक खनिजाचा वाचक आहे. स्फटिकाची माळ आणि स्फटिकाचे शिवलिंग यांतील स्फटिक तो हाच. पाश्चात्त्यांच्या भाषांतही असेच घडले. त्यांचा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ बर्फ असा आहे. दोन्हीकडे एका पदार्थाचे नाव पदार्थाच्या एका अवस्थेस मिळाले. परंतु मराठी वाचकाच्या मनात ‘स्फटिक’ म्हणताच निर्मळपणा उभा राहतो, आणि शास्त्रास तर निर्मळपणा अभिप्रेतच नाही. अणू वा रेणू ठरावीक अंतराने, ठरावीक दिशेने, पुनःपुन्हा त्याच रचनेत मांडले जाणे हे स्फटिकाचे लक्षण होय. या लक्षणाने सोन्याचे अपारदर्शक वळे स्फटिकमय ठरते आणि खिडकीची पारदर्शक काच ठरत नाही. शब्द चुकीचा नाही. पण त्याच्या मागे लागून येणारे चित्र चुकीचे आहे, हे शिकविणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

याउलट ‘रवा’ हा शब्द पाहावा. रवा, कणी, खडा हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहेत, आणि त्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे द्रावणास माणकासारखा लाल रंग येतो, हे रॉयल सोसायटीपुढील आपल्या व्याख्यानात मांडले. एकीकडे कणांचे शास्त्र आकारास येत होते, दुसरीकडे कणांसाठी मराठीत असलेले शब्द नोंदले जात होते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आला नाही. तो आपण आणू शकलो असतो.

आमच्या इंदूर शहरात अन्नपूर्णा या नावाची एक वस्ती आहे. १९५९ साली उभारलेल्या अन्नपूर्णा देवीच्या मंदिरावरून तिला हे नाव पडले. अन्नाची देवता म्हणजे ओघानेच स्वयंपाकघराची देवता, आणि आमच्या विषयाचे मराठी जर कोठे जिवंत असेल तर ते स्वयंपाकघरातच. तेथे पाण्याचे गोठणे निराळे आणि तुपाचे थिजणे निराळे. तूप नुसते थिजले तर लोण्यासारखे दिसते. सावकाश निवत गेले तर रवाळ होते. मुरंबा फार दिवस राहिला तर साखरतो, मधही साखरतो. कोकणातील मिठागरांत मीठ पिकते. हे शब्द सैल नाहीत. ‘साखरणे’ हे एकच क्रियापद सांगते, की विरघळलेला पदार्थ द्रवातून वेगळा होऊन दाणेदार झाला आहे, आणि तो नको असताना झाला आहे. इतका आशय इतक्या थोडक्यात सांगणारी संज्ञा घडविणे परिभाषामंडळांना सहज जमणारे नाही.

गृहिणी पाकात लिंबाचे चार थेंब पिळते, ते का? आम्लामुळे उसाच्या साखरेचा काही भाग फुटून द्राक्षशर्करा व फलशर्करा तयार होतात. हे परके रेणू साखरेच्या रेणूंच्या रांगेत बसत नाहीत आणि ती रांग पुढे जाऊ देत नाहीत; म्हणून पाक साखरत नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही पाकाची परिमाणेही वस्तुतः द्रावणाच्या दाटपणाची मोजमापे आहेत. चिक्कीचा पाक न साखरता कडक झाला, तर तिचे आवरण शास्त्रदृष्ट्या काचेच्या जातीचे असते. तेथे रेणूंना रांगा लावण्यास अवसरच मिळालेला नसतो.

आता आपल्या शास्त्रीय गद्याचा नमुना घेऊ. तो आम्हीच रचला आहे. परंतु शिक्षकांस तो ओळखीचा वाटेल : ‘अतिसंपृक्त द्रावणात केंद्रकीभवन होऊन तदनंतर स्फटिकवर्धनाची प्रक्रिया घडून येते.’ या वाक्यात व्याकरणदोष नाही, शास्त्रदोषही नाही. तरीही ते वाचून कोणास काही दिसत नाही. कारण सारी क्रिया ‘केंद्रकीभवन’ आणि ‘वर्धन’ या नामांत कोंडली गेली आहे, आणि क्रियापदाच्या जागी ‘होऊन’ व ‘घडून येते’ हे निस्तेज शब्द बसले आहेत. हेच असे लिहिता येईल : ‘पाण्यात मावेल त्याहून अधिक साखर विरघळून राहिली, की ती आधी रवा धरते आणि मग धरलेला रवा वाढत जातो.’

येथील ‘धरणे’ हे क्रियापद आम्ही हेतुतः योजले आहे. आरंभ दाखविण्यासाठी मराठी या क्रियापदाकडे वारंवार वळते. दूध साय धरते, जखम खपली धरते, झाड फळ धरते, रोप मूळ धरते. या प्रत्येक ठिकाणी काहीतरी नव्याने सुरू होते आणि ते टिकण्याजोगे असते. शास्त्रास येथे नेमके हेच सांगावयाचे आहे. द्रावणात रेणूंचे लहान पुंजके सतत जमतात आणि सतत विरतात. रेणू एकत्र आल्याने ऊर्जेचा जो लाभ होतो तो पुंजक्याच्या आकारमानावर अवलंबून असतो. परंतु नवा पृष्ठभाग निर्माण करण्यास जी ऊर्जा खर्च होते ती त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. पुंजका लहान असेतोवर खर्च लाभाहून जड पडतो. तो एका विशिष्ट आकारापलीकडे गेला, की आणखी वाढण्यातच लाभ ठरतो. त्या सीमेच्या अलीकडे ‘जमणे’ आणि ‘विरणे’, पलीकडे ‘धरणे’ आणि ‘वाढणे’ : मराठीच्या चार साध्या क्रियापदांत हा सिद्धांत मांडता येतो. गिब्झच्या विचारातून उगम पावलेल्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्णत्वास आलेल्या सिद्धांताचा हा गाभा होय.

धरणे आणि वाढणे यांतील भेद हा केवळ भाषेचा सोस नव्हे; साऱ्या व्यवहाराची किल्ली त्यात आहे. अन्नपूर्णा रस्त्याने शहराबाहेर निघाले, की राजेंद्रनगरच्या बाजूस राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लागते. त्याची कोनशिला १९८४ साली बसविली गेली. लेसरसाठी लागणारे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे स्फटिक द्रावणातून वाढविण्याचे काम तेथील प्रयोगशाळेत झाले आहे. या कामात एक बीजस्फटिक द्रावणात ठेवतात आणि तापमान अत्यंत सावकाश उतरवीत नेतात. तेथे त्या एका स्फटिकाने वाढावे आणि दुसऱ्या कशानेही रवा धरू नये, हीच सारी दक्षता असते. नॅनोकण करणाऱ्याची गरज याच्या नेमकी उलट आहे. असंख्य कणांनी एकदम, अल्पावधीत धरावे, नंतर नव्याने कोणी धरू नये आणि सर्वांनी सारखेच थोडे वाढावे, असे त्यास हवे असते. तसे झाले तरच कण एका मापाचे निघतात. हा विचार ला मेर आणि डाइनगर यांनी १९५० साली मांडला. एकाच क्रियेपासून एकास एक मोठा स्फटिक हवा, दुसऱ्यास कोट्यवधी लहान कण हवेत. तूप सावकाश निवविणारी गृहिणी पहिल्या पंथातील आहे. तेच तूप शीतकपाटात ठेवले तर बारीक व सपाट थिजते, कारण तेथे एकाच वेळी फार ठिकाणी रवा धरला जातो.

कण धरले आणि वाढले, एवढ्याने कथा संपत नाही. लहान कण मोठ्यापेक्षा अधिक सुलभतेने विरघळतो. त्याचे विरघळलेले द्रव्य मोठ्यावर जाऊन बसते, आणि कालांतराने लहान नाहीसे होऊन मोठे अधिक मोठे होतात. ओस्टवाल्डच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. बरेच दिवस ठेवलेली कुल्फी दातांखाली करकरते, त्यात याच क्रियेचा मोठा वाटा असतो. ‘बळी तो कान पिळी’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. पण मोठा कण लहानावर काही जबरदस्ती करीत नाही. लहान विरतो, मोठ्यावर थर चढतो, इतकेच. म्हणींचा सोयीस्कर आधार शास्त्रीय गद्यात घातक ठरतो, तो असा.

आता आमच्या प्रतिपादनाची परीक्षा एका अवघड उदाहरणावर घेणे उचित होईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी, चपटे नॅनोकण मिळविल्याचे २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात हा अर्क मिसळला, की त्यातील द्रव्यांमुळे सोन्याचे आयन अणूंच्या रूपात येतात आणि अणू कण धरतात. येथवर आपली क्रियापदे पुरतात. परंतु पुढचे विलक्षण आहे. प्रथम झालेले गोल कण एकेक अणू घेऊन वाढत बसत नाहीत. जणू द्रवरूप असल्याप्रमाणे ते एकमेकांना बिलगतात, सांधले जातात, आणि त्यांतून सपाट त्रिकोण तयार होतो, आणि हे सारे खोलीच्या साध्या तापमानास. ‘वाढणे’ हे क्रियापद येथे अपुरे पडते. ‘बिलगणे’ आणि ‘सांधणे’ यांची गरज भासते, आणि तीही मराठीत तयार आहेत. दहा नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणात सुमारे तीस हजार अणू असतात. एवढ्या चिमुकल्या वस्तूंचे व्यवहार सांगताना भाषा तोकडी पडली नाही, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की घरगुती शब्दांस काटेकोरपणा नसतो. तो अंशतः खरा आहे. तूप हे अनेक स्निग्ध द्रव्यांचे मिश्रण आहे, त्याचे रवाळ होणे हे शुद्ध साखरेच्या साखरण्याहून गुंतागुंतीचे आहे. आणि ‘बीज’ शब्दाने तर सरळ दिशाभूल होऊ शकते, कारण वनस्पतीच्या बीजात पुढील झाडाची जी योजना असते तसे स्फटिकाच्या बीजात काही नसते. तेथे केवळ रेणूंना बसण्यास तयार जागा असते. म्हणून संज्ञा हवीच. सूत्रे, आलेख आणि परीक्षा यांचे संज्ञेवाचून चालणार नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ‘केंद्रकीभवन’ ही संज्ञा ‘रवा धरणे’ समजल्यावर यावी. दुसरा आक्षेप असा, की उच्च शिक्षण इंग्रजीत असता हा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी भाषकांस अधिक निकडीने द्यावे लागते.

इंदुरास १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरली. येथील मराठीस होळकरांच्या काळापासूनची परंपरा आहे. परंतु आज येथील मराठी घरांतील मूल शाळेत हिंदी वा इंग्रजीतून शिकते, बाजारात चाशनी आणि मिश्री म्हणते, आणि पाक व खडीसाखर हे शब्द त्याच्या कानी पडले तर घरातच पडतात. भाषा अशी घरापुरती उरली, की ती सणावारांची आणि आठवणींची होते. विचाराचे काम ती सोडून देते. ‘साखरणे’ ज्या पिढीच्या तोंडून गेले, त्या पिढीस ‘केंद्रकीभवन’ शिकवून ते परत येणार नाही. उलट ‘साखरणे’ ज्यास ठाऊक आहे, त्यास प्रगत तंत्रज्ञान केंद्रात काय चालते हे मराठीत सांगता येते, आणि ते ऐकून त्याची आजी त्यास एखादा नेमका प्रश्नही विचारू शकते. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यामधील हे अंतर अन्नपूर्णेच्या वस्तीपासून काही मैलांचेच आहे. भाषेत मात्र ते फार वाढू दिले गेले आहे.

शिक्षकांस आमची सूचना साधी आहे. विद्यार्थ्यांस खडीसाखर, तुरटी किंवा मीठ यांचे रवे करावयास सांगावे, आणि जे दिसले ते ‘प्रक्रिया’, ‘घडून येणे’ व ‘निर्मिती’ हे शब्द टाळून एका परिच्छेदात लिहावयास लावावे. दोऱ्यावर रवा प्रथम कोठे धरला, काय विरले, काय वाढले, दोन खडे कोठे सांधले गेले, एवढे त्यात आले म्हणजे पुरे. संज्ञा त्यानंतरच्या तासाला सांगाव्यात.