टॅरोची वही: रोजनिशी की बखर?

आधी एक कबुली. तीन वर्षं मी टॅरोची वही लिहितेय आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी ती खोटी लिहिली. कुणाला फसवायला नाही. ती वही माझ्याशिवाय कुणी वाचतच नाही. तरीही खोटी. कशी ते सांगते, कारण तुमच्यापैकी काहींच्या उशाशी अशी वही असणार आणि तीही बहुधा तशीच लिहिली जात असणार.

टॅरो शिकायला घेतलं की पहिला सल्ला मिळतो तो हाच: वही ठेवा. सकाळी एक पान काढा, मनात काय आलं ते लिहा, रात्री दिवसाशी ताडून बघा. असं केलं की तुमचं वाचन खोल होत जातं म्हणे. या सल्ल्याला पुस्तकाचं रूप देणाऱ्यांत मेरी के. ग्रीअर यांचं नाव महत्त्वाचं. त्यांचं 'टॅरो फॉर युअर सेल्फ' १९८४ साली आलं. स्वतःचे पत्ते स्वतः वाचू नयेत असं तेव्हा बरेच जण मानत. ग्रीअरबाईंनी ते उलटवलं. त्यांचं पुस्तक नुसतं वाचायचं नाही, भरायचं आहे: प्रश्न, तक्ते, रिकाम्या ओळी. जाणकाराच्या तोंडी असलेला अर्थ त्यांनी वाचणाऱ्याच्या पेनात आणून ठेवला. हे मोठं काम आहे आणि मी त्यांची ऋणी आहे.

माझी तक्रार याच्या पुढे सुरू होते. पुस्तकाच्या मूळ उपशीर्षकातच 'वैयक्तिक परिवर्तन' होतं. म्हणजे पान निघालं की त्यानं तुम्हाला काहीतरी शिकवायलाच हवं, हे गृहीत धरलेलं. मी वापरलेल्या एका छापील डायरीत तर रात्रीचा रकानाच होता: 'आजच्या पानानं काय दाखवलं?' काही दाखवलं का, असा प्रश्न नाही. थेट काय दाखवलं. रकाना रिकामा ठेवायला हात धजत नाही. मग आपण शोधतो, आणि शोधलं की सापडतंच.

माझ्या वहीतली एक नोंद सांगते. ऑक्टोबर महिना. मी इंग्लंडमध्ये, पोस्टडॉकचं कंत्राट मार्चमध्ये संपणार, व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. पान निघालं सहा तलवारींचं. रायडर-वेट कॅटमधलं हे चित्र तुम्ही पाहिलं असेल: होडी, उभा नावाडी, डोक्यावरून वस्त्र घेऊन पाठमोरी बसलेली बाई, शेजारी मूल आणि होडीत रोवलेल्या सहा तलवारी. एका बाजूचं पाणी खळबळलेलं, दुसऱ्या बाजूचं शांत. पुस्तकी अर्थ: संकटातून पलीकडे जाणं. मार्चमध्ये कंत्राट दोन वर्षांनी वाढलं. मी मागे जाऊन त्या नोंदीखाली हिरव्या शाईनं लिहिलं, 'पानानं सांगितलंच होतं. पार झाले.'

दोन वर्षांनी घर बदलताना ती वही पुन्हा हातात आली. हिरव्या ओळीच्या वर, मूळ नोंदीत, एक खोडलेलं वाक्य होतं. प्रयोगशाळेतल्या सवयीनं एकाच रेघेनं खोडलेलं, म्हणून वाचता आलं: 'ही बाई परत चाललीये. मलाही परत जायचंय. आईला कसं सांगू?'

मी बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसले. माझ्या डोक्यात तोवर गोष्ट अशी पक्की होती: मला इथेच राहायचं होतं, भीती वाटत होती, पान म्हणालं होईल, आणि झालं. परत जायची इच्छा त्या गोष्टीत कुठेच नव्हती. ती मी त्याच दिवशी खोडली होती, आणि हिरव्या शाईनं तिच्यावर शिक्का मारला होता.

यात माझं काही विशेष नाही. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांचा १९७५ सालचा एक अभ्यास आहे. १९७२ मध्ये निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यांवर जाण्याआधी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, अमुक घडण्याची शक्यता किती? दौरे संपल्यावर त्यांनाच विचारलं, तेव्हा तुम्ही काय आकडा दिला होता ते आठवून सांगा. जे घडलं असं विद्यार्थ्यांना वाटत होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं त्यांना आठवायला लागलं. मला माहीतच होतं, हे आपण खोटं बोलत नसतो. आपल्याला खरंच तसं आठवतं.

आपल्याकडे या दोन प्रकारच्या लिखाणाला दोन वेगळे शब्द आहेत. पेशव्यांच्या दप्तरातली रोजनिशी म्हणजे त्या त्या दिवसाचे हुकूम आणि व्यवहार, तारखेनिशी. बखर म्हणजे सगळं होऊन गेल्यावर सांगितलेली गोष्ट. पानिपतावरच्या बखरी १७६१ नंतरच्या, शेवट ठाऊक असलेल्या माणसांनी लिहिलेल्या. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो त्या काळातल्या पत्रांचा, कारण बखरींपेक्षा त्यांना त्या वेळच्या कागदाचं मोल जास्त वाटत होतं. बखर टाकाऊ नसते. लोकांना काय आठवायला आवडलं, ते तिच्यातून कळतं. पण ती रोजनिशीच्या पानावर, त्याच ओळीखाली लिहिली, की दोन्ही बिघडतात. माझी हिरवी शाई म्हणजे बखर होती.

आता दुसरा सापळा. टॅरोवाल्यांना तेच ते पान पुन्हा निघालं की अंगावर काटा येतो. ते पान आपला पाठलाग करतंय म्हणतात. जरा हिशोब करू. कॅटमध्ये ७८ पानं. रोज नीट पिसून एक काढलं, तर ११ दिवसांत एखादं तरी पान दुसऱ्यांदा निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ३० दिवसांत ती ९९ टक्क्यांच्या वर जाते. पाठलाग वगैरे काही नाही. महिनाभरात एकही पान पुन्हा निघालं नाही, तर मात्र जरूर नोंद करा.

पण याच हिशोबातून वहीचा खरा उपयोग कळतो. पानं योगायोगानं येतात. मग ७८ वेगवेगळ्या चित्रांखाली तुम्ही तीन महिने एकच गोष्ट लिहीत असाल, तर ती गोष्ट पत्त्यांची नाही, तुमची आहे. मी मोजलं. पेले असोत, तलवारी असोत, 'आई', 'घर' आणि 'सांगणं' हे शब्द माझ्या नोंदींत सारखे येत होते. खोल जाणं म्हणतात ते मला इथे दिसलं. त्याआधी मी फक्त पानांचे अर्थ पाठ करत होते.

म्हणून आता मी वही प्रयोगवहीसारखी लिहिते. पान उघडण्याआधी तारीख आणि प्रश्न, पेननं. मग अर्थ न आठवता चित्रात काय दिसतं ते: रंग, हात, पाणी, कोण कुणाकडे बघतंय. मग माझं वाचन, आणि त्याखाली एक ओळ: काय घडलं तर हे वाचन चुकलं असं मी म्हणेन? ही ओळ लिहिताना पोटात गोळा येतो, म्हणूनच ती लिहायची. खोडायचं ते एका रेघेनं. नंतर सुचलेलं सगळं समोरच्या कोऱ्या पानावर, नव्या तारखेनं. आणि 'आज काहीच लागू पडलं नाही' ही नोंद पूर्ण नोंद धरायची.

माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. तिथे देवळात कौल लावतात, तेव्हा गुरव आधी सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घालतो आणि मगच देवाला लावलेली कळी उजवीकडे पडते की डावीकडे, ते बघतात. कौलावर तुमचा विश्वास असो नसो, प्रश्न आधी चार माणसांच्या कानांवर गेलेला असतो. मागाहून बदलता येत नाही. परदेशात एकट्या खोलीत पत्ते काढणाऱ्या आपल्यासमोर ती चार माणसं नसतात. त्यांचं काम वहीनं करायचं.

तुम्ही विचाराल, मग पत्ते तरी कशाला? साधी डायरी लिहावी. साध्या डायरीत मी जिथून सुरुवात करायची ठरवते, तिथूनच सुरू होते. पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ च्या त्या कॅटमध्ये ५६ लहान पानांनाही प्रसंगचित्रं दिली, आणि होडीतल्या त्या बाईचा चेहरा दाखवला नाही. ती येतेय की जातेय, हे मला ठरवावं लागलं. 'परत चाललीये' असं मी साध्या डायरीत कधीच लिहिलं नसतं.

माझं कंत्राट या मार्चमध्ये पुन्हा संपतंय. मागच्या आठवड्यात वहीत प्रश्न लिहिला: 'मला परत जायचंय का?' पान काढण्याआधी आईला फोन केला आणि तोच प्रश्न तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे मला कधीचं वाटत होतं." तिला ते खरंच आधी वाटत होतं का, कोण जाणे. तिच्याकडे वही नाही.