आधीं सूची, मग छाया

जुन्या पोथ्यांच्या डिजिटल प्रती करण्याच्या योजना हल्लीं वारंवार ऐकूं येतात. २००३ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय पांडुलिपि मिशन सुरू केलें. २०२५ च्या अर्थसंकल्पांत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन करण्याचा संकल्प ज्ञान भारतम् मिशनच्या नांवें जाहीर झाला. संकल्प स्तुत्य आहे. परंतु अशा योजनांची पारख आंकड्यांवरून न होतां कामाच्या क्रमावरून व्हावी, असें आमचें मत आहे.

छायेची निकड आम्हीं नाकारीत नाहीं. राजवाड्यांनीं १९०९ सालीं ज्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापिली, ती पोथी आज अभ्यासकांस उपलब्ध नाहीं. त्यामुळें एखाद्या पाठाविषयीं शंका आली असतां मूळ अक्षर पाहण्याची सोय उरलेली नाहीं. २००४ च्या जानेवारींत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यानें भक्कम इमारतींतील संग्रहही किती असुरक्षित असतो हें दाखविलें.

तथापि नुसती छाया म्हणजे ज्ञान नव्हे. महानुभावांच्या सकळ लिपीचा उलगडा राजवाड्यांनीं केला. तो झाला नसता, तर त्या पोथ्यांचें कितीही स्वच्छ चित्र घेतलें तरी तें मुकेंच राहिलें असतें. मोडी दप्तरांची स्थिति आज जवळजवळ तशीच होत चालली आहे. राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले. त्यांचे कागद सांभाळण्यासाठीं तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. त्याच शहरांत शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमानें समर्थ वाग्देवता मंदिराचा पोथीसंग्रह जमला. अशा संग्रहांस प्रथम हवी ती नीट सूची: पोथी कोणाची, कोठून आली, पानें किती, कोणतीं गहाळ. सूचीवांचून घेतलेल्या हजारों प्रतिमा म्हणजे दुसरें एक न उघडलेलें दप्तरच होय.

खानदेशांतच जळगांवजवळील असोद्याची गोष्ट याहून निराळी आहे. तेथें १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींस लिहितांवाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं सोपानदेवप्रभृति आप्तांनीं टिपून घेतलीं व त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. अशा कवयित्रीच्या बाबतींत ऐकणाऱ्यानें केलेलें टिपणच मूळ साधन ठरतें. केवळ प्राचीनत्वावर निवड करणारी योजना असल्या घरगुती वह्यांस रद्दींत जाऊं देईल, आणि तो तोटा एखादें ताडपत्र हरवण्याहून कमी नसेल.

म्हणून आधीं सूची, मग निवड, मग छाया, आणि शेवटीं वाचन, हा क्रम सोडूं नये. ज्या अंदाजपत्रकांत यंत्राच्या किंमतीशेजारीं मोडी वाचणाऱ्याच्या वेतनाचा आंकडा नाहीं, तें आम्हीं अपुरें समजतों. यंत्र वर्षभरांत मागवितां येतें. वाचक तयार होण्यास मात्र अनेक वर्षें लागतात.