भिंतीवरचा हात आणि दालनातले चित्र

पितृपंधरवड्यात इंदूरच्या जुन्या वस्तीतून सायंकाळी फेरफटका मारला, तर एखाद्या घराच्या भिंतीवर अजूनही शेणाने रेखलेली व फुलांच्या पाकळ्यांनी सजवलेली संजा दृष्टीस पडते. माळव्यातल्या कुमारिका ती रोज नवी काढतात, तिच्यापुढे गाणी म्हणतात, आणि पंधरवडा सरला की सारे पाण्यात सोडून देतात. तिच्याखाली कोणाची सही नसते व ती जपून ठेवावी असे कोणाच्या मनातही येत नाही. ज्या भित्तिलेखनाला पाश्चात्त्य देशांत ग्राफिटी म्हणतात आणि ज्याला अलीकडे चित्रदालनांतून मानाचे पान मिळू लागले आहे, त्याचा विचार करताना आम्हांस प्रथम ही संजा आठवते. भेद एवढाच, की संजेला घरमालकाची संमती असते, ग्राफिटीला नसते. वकिली पेशातल्या माणसाला हा भेद लहान वाटत नाही. मध्य प्रदेशच्या 1994 च्या संपत्ति विरूपण निवारण कायद्यान्वये खडूने, शाईने वा रंगाने भिंत विद्रूप करणे हा दंडास पात्र अपराध आहे. भिंतीवर मालकाचे नाव व पत्ता लिहिण्यास तेवढी मोकळीक ठेवली आहे. म्हणजे मालकीचा उच्चार हे विद्रूपीकरण नव्हे!

भिंतीवरून दालनात जाण्याची वाट न्यूयॉर्कच्या बास्कियाने आखली असे समजले जाते. भिंतींवर टोपणनावाने वाक्ये लिहीत हिंडणाऱ्या या तरुणाचे 1982 चे एक चित्र 2017 साली अकरा कोटी डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले. पण ही वाट आमच्या मंडळींना अपरिचित नव्हती. गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा मुंबईच्या शाळेतून काढले गेले, ते शौचालयाच्या भिंतीवर अश्लील चित्रे काढल्याच्या आरोपावरून. आपण ती काढली नव्हती, दुसऱ्याने वाईट काढलेली फक्त सुधारली, असा त्यांचा बचाव होता. कायद्याच्या दृष्टीने हा बचाव लंगडा खरा. कलेच्या दृष्टीने मात्र त्यात पुढचा सगळा सूझा आहे. याच सूझांनी 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप उभा केला आणि सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेल्या एका चित्रकारास त्यात ओढून आणले.

ते मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूरचा, बालपण इंदूरचे. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांच्या ज्या कलाशाळेत नारायण श्रीधर बेंद्रे घडले, तिथेच यांनीही धडे घेतले. मुंबईत गेल्यावर चौरस फुटाला काही आणे या दराने त्यांनी नटनट्यांचे प्रचंड चेहरे रंगवले. त्यांतला एकही फलक आज आपणांस पाहता येत नाही. सिनेमा उतरला, की त्यावर दुसरा चेहरा चढे.

फलकाने हुसेनांना काय दिले, ते मात्र पाहता येते. 1954 ची 'ग्रामयात्रा' जवळजवळ चौदा फूट रुंद आहे आणि तीत खेड्यातील तेरा प्रसंग शेजारी शेजारी मांडले आहेत. 1955 ची 'जमीन' तर त्याहून लांब. ती दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. या चित्रांपुढे एका जागी उभे राहून भागत नाही, चालावे लागते. रेषा जाड आणि निःशंक, रंग सपाट, आकृती लांबून ओळखू येणारी: रस्त्यावरून जाणाऱ्याला क्षणभर थांबवण्याची ही विद्या परातीवर चढलेल्या कारागिराची आहे. आमच्या मते हुसेनांचे थोर काम याच काळातले. पुढे तीच विद्या अंगावर आली. घोडे वेगाने निघू लागले, दुरून ओळखू येणे हेच चित्राचे प्रयोजन होऊन बसले. फलकावर नाव नव्हते. नंतर नावच फलक झाले. हे आम्ही त्यांच्याविषयीच्या आदरानेच लिहीत आहोत.

तरी भिंतीचा एक धर्म त्यांच्यात शिल्लक होता. 1992 साली कलकत्त्यात त्यांनी लोकांच्या देखत देवींची चित्रे रंगवली आणि अखेरीस स्वतःच त्यांवर पांढरा रंग फिरवला, विसर्जन म्हणून. पाहणारे हळहळले असतील. संजा काढणाऱ्या मुलीला त्यात नवल वाटले नसते. दालन हात विकत घेते, कसब विकत घेते. तिकीट न काढता आलेला प्रेक्षक आणि पुसले जाण्याची शक्यता या दोन गोष्टी मात्र त्याला विकत घेता येत नाहीत, आणि भिंतीवरच्या चित्राचा प्राण बहुधा त्यांतच असतो. 2016 साली इटलीतील बोलोन्या येथे भिंतींवरून उतरवलेली चित्रे एका प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा ब्लू या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराने त्या शहरातली आपली वीस वर्षांची भित्तिचित्रे करड्या रंगाने झाकून टाकली.

पुसण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा वाद आहे. आमच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे सत्तावन्नावे कलम सांगते, की कृती विकल्यानंतरही कर्त्याचा काही अधिकार उरतो. अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प सरकारने 1979 साली विज्ञान भवनातून उतरवले व त्याची नासधूस झाली. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष शिल्पकारास परत देऊन पाच लाखांची भरपाई देण्याचा हुकूम केला. निकाल स्तुत्य आहे. परंतु सहगल नामवंत होते. कलमाचा आधार निनावी कारागिरालाही आहे. पण दाव्यात वादी म्हणून उभे राहावयाचे तर हे चित्र माझेच, हे आधी सिद्ध करावे लागते.

2017 पासून इंदूर देशातल्या स्वच्छ शहरांत वर्षानुवर्षे पहिले येत राहिले आणि शहराच्या भिंती रंगल्या. त्यांवर स्वच्छतेचे संदेश आहेत, झाडे आहेत, पक्षी आहेत. काही ठिकाणी हात फार चांगला आहे. न्यायालयाच्या वाटेवर आम्हांस एक मोर भेटतो, त्याची मान ज्याने एका फटकाऱ्यात वळवली त्याला रेषा कळते, यात शंका नाही. अशा मुलांपैकी कोणी उद्या दालनात गेला, तर आम्ही त्याचे स्वागतच करू. तूर्त आम्ही गाडी थांबवून खाली उतरलो व त्या मोराखाली काही लिहिले आहे काय ते पाहिले. ठेकेदाराचे नाव होते, दूरध्वनी क्रमांकासह.